रस्ता कुठे फुटणार, हे खड्डा पडायच्या आधी कसं ओळखायचं

कोकणात राजापूरच्या बाजूला ग्रामीण रस्त्यांवर मी शाखा अभियंता म्हणून काम करते. पुढच्या पावसाळ्यात रस्ता नेमका कुठे फुटेल, हे बरंचसं आधी सांगता येतं, आणि ग्रामपंचायतीच्या सदस्यालाही ते जमतं.

रस्त्याचे १०० मीटरचे तुकडे पाडा, वहीत प्रत्येकाला एक पान द्या. वर्षातून दोनदा चालत फिरा: मे महिन्यात एकदा, दसऱ्यानंतर एकदा. चालतच, कारण बारीक भेगा गाडीतून दिसत नाहीत आणि सगळा खेळ त्यांचाच असतो.

आधी गटार बघा, डांबर नंतर. आपल्याकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस, तोही बहुतेक चार महिन्यांत. साइडपट्टी रस्त्यापेक्षा उंच झाली असेल, मोरीचं तोंड पालापाचोळ्याने बुजलं असेल, तर पाणी खडीच्या थरात मुरतं. भिजलेला थर चाकाखाली दबतो, वरचं डांबर वाकत राहतं आणि शेवटी तडकतं. म्हणून चांगला दिसणारा पण गटार नसलेला तुकडा मी धोक्यातलाच धरते. खाडीकाठच्या भरावावर तर भरतीच्या वेळीही जाऊन बघा.

मग भेगा. सुट्या, आडव्या भेगांना अजून वेळ असतो. चाकोरीत जाळीसारख्या भेगा दिसल्या, की खालचा थर थकलाय असं समजा. पाऊस थांबून रस्ता वाळल्यावर त्या भेगा ओल्याच राहिल्या आणि कडेला तांबडा चिखल साचला, तर खालची माती पाण्याबरोबर वर येते आहे. जांभ्याच्या, म्हणजे तांबड्या दगडाच्या, मुलखात हा तांबडा डाग लगेच कळतो. असा तुकडा पुढच्या पावसाळ्यात टिकेल असं मी लिहीत नाही. चाकोरीवर सरळ पट्टी आडवी ठेवून खोलीही मोजा. डांबरी रस्त्याच्या आराखड्यात २० मिलिमीटरची चाकोरी ही हद्द मानतात.

तिसरी नोंद अवजड गाड्यांची. अमेरिकेत इलिनॉयमध्ये १९५८ ते १९६० या काळात मुद्दाम बांधलेल्या रस्त्यांवर ट्रक फिरवून जी चाचणी झाली, तिच्यातून ढोबळ नियम निघाला: आसावरचं (चाकांच्या जोडीला जोडणाऱ्या दांड्यावरचं) वजन दुप्पट झालं की नुकसान साधारण सोळापट. आपल्याकडे हिशेबासाठी धरतात तो प्रमाण आस ८.१६ टनांचा, १०.२ टनांचा आस त्याच्या जवळजवळ अडीचपट झीज करतो. म्हणजे दुचाकी, रिक्षा मोजत बसू नका. चिऱ्याचे ट्रक आणि वाळूचे डंपर मोजा, आणि ते कोणत्या बाजूने भरलेले जातात तेही लिहा. खाणीकडून येणारी बाजू आधी खचते.

आता अंदाज. तुकड्यांच्या तीन अवस्था करा: चांगला, भेगाळलेला, फुटलेला. समजा चार किलोमीटरमध्ये मे महिन्यात अनुक्रमे २०, १२ आणि ८ तुकडे होते. दसऱ्याला चांगल्यातले ५ भेगाळले, भेगाळलेल्यातले ६ फुटले. आता चांगले १५, भेगाळलेले ११, फुटलेले १४. म्हणजे चांगल्यातला चौथा हिस्सा आणि भेगाळलेल्यातला निम्मा एका पावसाळ्यात खाली जातो. हेच प्रमाण पुन्हा लावा: पुढच्या वर्षी फुटलेले १९ ते २० होतील. रस्त्यांच्या देखभालीच्या मोठ्या संगणक प्रणालीही याच धर्तीचं, फक्त जास्त बारकाईचं गणित करतात, पण त्यांनाही स्थानिक आकडे द्यावेच लागतात. घाटातला रस्ता आणि सड्यावरचा (डोंगरमाथ्याच्या सपाट कातळावरचा) रस्ता एकाच तक्त्यात घालू नका, दोघांची झीज वेगळी.

दोन-तीन वर्षांच्या नोंदी झाल्या की तक्ता भरवशाचा होतो. मधे डांबरीकरण झालं तर त्या तुकड्यांचं पान नव्याने सुरू करा. जुनं प्रमाण त्यांना लागू नाही.

पैसे थोडे असतील तर ते आधी भेगाळलेल्या तुकड्यांवर लावा, फुटलेल्यांवर नंतर. लोकांना हे पटवणं अवघड जातं, खड्डा डोळ्यांना दिसतो ना. धोकादायक खड्डे बुजवाच, पण मे संपायच्या आत भेगा भरून, गटार उपसून घेतलं तर त्या ११ भेगाळलेल्या तुकड्यांतले बरेच अजून वाचतात. फुटलेल्या तुकड्याची खडी मात्र उकरून नव्यानेच टाकावी लागते.