छतावरील सौरवीज: किती किलोवॅट घ्यावेत आणि बॅटरी कधी लावावी

सौर पॅनेलचे दरपत्रक मागवण्यापूर्वी महावितरणची मागील बारा महिन्यांची बिले समोर ठेवावीत. एकट्या मे महिन्याच्या वापरावरून आकार ठरवला, तर यंत्रणा गरजेपेक्षा मोठी होते. म्हणून वर्षाची सरासरी धरावी. महाराष्ट्रात एक किलोवॅटची पॅनेल वर्षाच्या सरासरीने दिवसाला साधारण 4 युनिट, म्हणजे महिन्याला सुमारे 120 युनिट वीज देतात. महिन्याचा वापर 240 युनिटांच्या आसपास असलेल्या घराला त्यामुळे दोन किलोवॅट पुरतात. मात्र 75 वॅटच्या जुन्या पंख्यांऐवजी 30 वॅटच्या आसपासचे बीएलडीसी (कमी वीज खाणाऱ्या मोटरचे) पंखे बसवण्याचा खर्च आधी करावा, असे माझे स्पष्ट मत आहे.

2024 मध्ये सुरू झालेल्या ‘पीएम सूर्यघर’ योजनेत पहिल्या दोन किलोवॅटसाठी प्रत्येकी 30,000 आणि तिसऱ्यासाठी 18,000 रुपये, असे जास्तीत जास्त 78,000 रुपये केंद्रीय अनुदान आहे. त्यासाठी पॅनेल देशी बनावटीची आणि यंत्रणा वीजवाहिनीला जोडलेली असावी लागते.

जागा ठरवताना प्रत्येक किलोवॅटला सुमारे 100 चौरस फूट मोकळी गच्ची धरावी आणि पॅनेलचे तोंड दक्षिणेकडे ठेवावे. खरी अडचण सावलीची असते. पॅनेलमधील सौरघट एकामागोमाग एक जोडलेले असल्याने पाण्याच्या टाकीची सावली एका कोपऱ्यावर पडली, तरी वीज त्या कोपऱ्याच्या प्रमाणाहून कितीतरी अधिक घटते. डिसेंबरात सूर्य दक्षिणेकडे कललेला असतो आणि सावल्या लांबतात. तेव्हा सकाळी नऊ व दुपारी तीन वाजता सावली कुठवर येते, त्याचा अंदाज घेऊनच सांगाड्याची जागा नक्की करावी.

आता बॅटरीविषयी. घेतलेली आणि दिलेली वीज मोजणारे नेट मीटर असेल, तर दुपारची जादा वीज वाहिनीत जाते आणि बिलात वळती होते. त्यामुळे केवळ बिल कमी करण्यासाठी बॅटरी घेण्यात मला फारसे हशील दिसत नाही. वेळेनुसार वेगळे दर लागू असल्यास वजावटीचा नियम आधी तपासावा. बॅटरीची गरज उरते ती वीज जाते त्या वेळेपुरती. वाहिनी बंद पडली की तिच्यावर काम करणाऱ्या कर्मचाऱ्यांच्या सुरक्षिततेसाठी पॅनेलची वीज घरात वापरण्याजोगी करणारा साधा सौर इन्व्हर्टरही बंद होतो, आणि लख्ख उन्हातही घरात अंधार होतो. बॅटरीसह हायब्रिड, म्हणजे पॅनेल, बॅटरी आणि वाहिनी अशा तिन्हींवर चालणारा, इन्व्हर्टर असेल, तरच ठरावीक उपकरणे चालू राहतात.

बॅटरीचा आकार रात्रीच्या आवश्यक वापरावरून काढावा. तीस वॅटचे चार पंखे आठ तास चालले, तर सुमारे एक युनिट लागते. दिवे व वायफाय धरून ते सव्वा युनिटावर जाते. लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरीची सुमारे 80 टक्के क्षमता वापरता येते, म्हणून दोन युनिटांची बॅटरी पुरेशी होते. 12 व्होल्ट, 150 अँपिअर-तासाच्या लेड-अ‍ॅसिड बॅटरीवर 1.8 युनिटांचा हिशेब निघतो. परंतु ती टिकवायची, तर त्यातला निम्माच वापरावा.

गिझर, इस्त्री आणि पाण्याची मोटर यांना बॅटरीच्या जोडणीपासून दूर ठेवावे. मोटर सुरू होताना तिच्या नेहमीच्या प्रवाहाच्या कित्येक पट प्रवाह खेचते. आवश्यक उपकरणांसाठी वेगळी वायरिंग करून घ्यावी, आणि शेवटचा हप्ता देण्यापूर्वी कंत्राटदाराला मेन स्विच बंद करायला लावून कोणते पंखे, दिवे चालू राहतात, ते स्वतः पाहावे.