‘लेचरस’ हे इंग्रजी विशेषण नेमके कुठे वापरावे

बेळगाव, खानापूर, निपाणी या भागांत मराठी माध्यमातून शिकून पुढे इंग्रजीत लिहू लागलेल्या विद्यार्थ्यांना ‘लेचरस’ या विशेषणाचा अर्थ बहुधा ‘कामुक’ असा सांगितला जातो आणि गोंधळ तिथेच सुरू होतो. आपण रोज पाहतो त्या कन्नड वृत्तपत्रांत ‘कामुक’ हे नाम म्हणून, थेट स्त्रियांना त्रास देणाऱ्या पुरुषासाठी छापले जाते; मराठीत मात्र तेच विशेषण शिल्पाला, काव्याला किंवा परस्परांच्या ओढीलाही लागते आणि त्यात निंदा असेलच असे नाही. ‘लेचरस’मध्ये निंदा असतेच. समोरच्या व्यक्तीला नकोशी असलेली, किळस आणणारी वासना एखाद्याच्या वागण्यातून दिसते, तेव्हाच हा शब्द योजावा. पतिपत्नींच्या प्रेमाच्या वर्णनात तो घालणे चुकीचे आहे.

मराठीत त्याच्या सर्वांत जवळचा शब्द ‘लंपट’, आणि नजरेविषयी बोलायचे असेल तर ‘वखवखलेली’. ‘चावट’ फार सौम्य आहे, तो मित्रांच्या थट्टेतही चालतो. ‘बाहेरख्याली’ या शब्दातून विवाहबाह्य संबंध कळतात, माणूस परक्या स्त्रीकडे कसा पाहतो ते कळत नाही.

उच्चारताना पहिले अक्षर ऱ्हस्व ठेवून त्यावर जोर द्यावा. ‘च’ चहातला, चाकातला नव्हे. शब्दाचे मूळ जुन्या फ्रेंचमधील ‘चाटणे’ या अर्थाच्या क्रियापदात आहे, हे लक्षात ठेवले तर त्यातील किळस विसरली जाणार नाही. ‘अ लेचरस लुक’, ‘अ लेचरस ग्रिन’, ‘लेचरस रिमार्क्स’ अशा जोड्या रूढ आहेत. अशा माणसाला ‘लेचर’ आणि त्याच्या वृत्तीला ‘लेचरी’ म्हणतात. मजकूर किंवा चित्र अश्लील असेल, तर ‘लसिव्हियस’ घ्यावे. माहिती तंत्रज्ञान कायदा, 2000 च्या कलम 67 मध्ये तोच शब्द आहे.

महाविद्यालयातील किंवा कार्यालयातील तक्रार समितीकडे इंग्रजीत अर्ज लिहिणाऱ्या मुलींनी मात्र केवळ या विशेषणावर विसंबू नये, असे मला कळकळीने सांगावेसे वाटते. ‘त्यांचे वर्तन लेचरस होते’ एवढेच लिहिल्यास ते अर्जदाराचे मत ठरते. ते काय बोलले, कुठे उभे होते, कोणत्या दिवशी आणि कोणासमोर, हे आधी लिहावे आणि विशेषण हवे असल्यास त्यानंतर जोडावे.