यामाहा आरएक्स १०० (टू-स्ट्रोक बाइक) : थ्रॉटल सोडूनही रेस उतरेना

कार्ब्युरेटर दोनदा साफ केला, फरक शून्य. चोक ओढला की रेस खाली यायची, म्हणजे पेट्रोलच्या मानाने हवा जास्त. चालू इंजिनवर इनटेक रबराभोवती (कार्ब्युरेटर इंजिनला जोडणारा रबरी तुकडा) कार्ब क्लीनर मारला (थंड सायलेन्सर असतानाच, नाहीतर भडका). तिथून हवा शिरत असती तर रेस बदलली असती; हलली नाही. रबर ठीक.

मग मॅग्नेटो (ठिणगीसाठी वीज बनवणारं फिरतं चाक) काढला, पुलरनेच (ओढून काढायचं हत्यार). हातोड्याने क्रँक (इंजिनचा फिरता दांडा) बिघडतो. मॅग्नेटोच्या मागचं क्रँक सील (क्रँकभोवतीचं हवा अडवणारं रबरी कडं) लाकडासारखं कडक, ओठाला (क्रँकला टेकणारी कड) चीर. हवा तिथूनच. असंच चालवलं तर पिस्टन जाम होतो.

सीलवर आतला व्यास, बाहेरचा व्यास आणि जाडी मिलिमीटरमध्ये छापलेली असते. तेच आकडे बेअरिंगच्या दुकानात दाखवले की काम होतं. ओठाला टू-टी ऑइल (टू-स्ट्रोक इंजिनचं तेल) लावून, स्प्रिंगची बाजू आत ठेवून बसवलं. क्रँकच्या दुसऱ्या टोकाचं, क्लचकडचं सील गेलं असेल तर गिअर ऑइल घटतं आणि पांढरा धूर येतो.