हत्ती गेला, शेपूट अडलं: जुन्या बेसबॉल कार्डांचा संच पुरा करताना या चुका टाळा

"काका, सहाशे आठ झाली! एकच राहिलंय."

पोरगा इतका खुशीत होता की पुढचा प्रश्न विचारायला जीभ रेटेना. तरी विचारलं, "कुठलं राहिलंय?"

"सीव्हर."

म्हणजे घराला रंग दिला, दाराला तोरण बांधलं, आता फक्त पाया खणायचा राहिलाय.

च्युइंगगमसोबत खेळाडूंची कार्डं विकणाऱ्या अमेरिकेतल्या टॉप्स कंपनीचा १९६७ चा बेसबॉल संच ६०९ कार्डांचा आहे. त्यातलं ५८१ नंबरचं कार्ड म्हणजे टॉम सीव्हर या गाजलेल्या पिचरचं पहिलं कार्ड, आणि या संचातलं बहुतेकांचं घोडं तिथेच अडतं. न्यू जर्सीत राहून मी गेली वीस-बावीस वर्षं या नादात आहे. लहानपणी काड्यापेटीची छापं जमवायचो, तीच खोड इकडे येऊन महाग झाली. हल्ली आपली मराठी मुलंही या छंदात येतात, फोन करतात, आणि दरवेळी त्याच त्या चुका सांगतात. एकेकाला वेगळं सांगून घसा बसला, म्हणून हे लिहितोय. यातल्या निम्म्या चुका मी स्वतः केल्यात, तेव्हा रागावू नका.

सगळ्यात अवघड कार्ड सगळ्यात शेवटी ठेवणं

ही चूक सगळे करतात, कारण सुरुवात छान होते. पन्नास-पन्नास कॉमन, म्हणजे फारशा नावाजलेल्या नसलेल्या खेळाडूंच्या, कार्डांचे गठ्ठे स्वस्तात मिळतात, नऊ कप्प्यांची पानं भराभर भरतात, चेकलिस्टवर टिका पडत जातात. तीन महिन्यांत चारशे कार्डं होतात आणि गड्याला वाटतं, दिवाळीपर्यंत आटपेल. मग गाडी ५३४ पाशी येते आणि थांबते.

ती तिथेच का थांबते, हे आधी समजून घ्या. टॉप्स त्या काळी सगळी कार्डं एकदम काढत नसे. वसंतापासून हंगामभर टप्प्याटप्प्यानं मालिका यायच्या. १९६७ ची शेवटची मालिका ५३४ ते ६०९, म्हणजे ७६ कार्डांची. ती दुकानात येईपर्यंत उन्हाळा सरत आलेला, शाळा सुरू व्हायच्या बेतात, पोरांचं लक्ष फुटबॉलकडे. दुकानदार मग माल मागवतच नसत किंवा थोडा मागवत. त्यात छपाईच्या मोठ्या कागदावर १३२ घरं असत. दोन कागद धरले तर २६४, आणि ७६ कार्डं त्यात सारखी वाटली जातच नाहीत. त्यामुळे त्या मालिकेतही काही कार्डं जास्त छापली गेली, काही कमी. १९७४ मध्ये टॉप्सनं सगळा संच एकदम काढला तेव्हा हा प्रकार थांबला.

पण "शेवटची मालिका अवघड" हेही पाठ करून ठेवू नका. १९५७ च्या संचात शेवटची नाही, तर २६५ ते ३५२ ही मधली मालिका रडवते. प्रत्येक वर्षाची खोड वेगळी असते. पहिलं कार्ड विकत घ्यायच्या आधी एक संध्याकाळ त्या वर्षाचा अभ्यास करा. नवीन पोरांना तेवढंच नको असतं.

माझी सवय सांगतो, पटली तर घ्या. मी संच मागून सुरू करतो. १९६७ चा धरला तेव्हा पहिल्या वर्षी ५३४ च्या खालचं एकही कार्ड विकत घेतलं नाही. ५६९ चा रॉड कॅर्यू, ६०० चा ब्रूक्स रॉबिन्सन, ५७० चा मॉरी विल्स. या विल्सचं टॉप्सच्या मूळ संचात त्याआधी कार्डच नव्हतं, त्यामुळे ते कार्ड हातात घ्यायला वेगळीच मजा येते. वर्षभरात जेमतेम वीस कार्डं झाली. बायको म्हणाली, "एवढ्या मोठ्या वहीत वीसच?" पण ती वीस नंतर दुप्पट भावानं घ्यावी लागली नाहीत. कॉमन कुठं पळून जात नाहीत. ती डॉलरला एक अशा खोक्यात तुमची वाट बघत पडून असतात.

कार्ड न मोजता पैसे देणं

आता माझी फजिती. एवढं शहाणपण सांगतोय, पण सीव्हर मीही लांबवलाच होता.

एका हॉटेलच्या हॉलमध्ये कार्डांचं प्रदर्शन होतं. रविवार, दुपारचे चार. विक्रेते टेबलं आवरत होते. एका टेबलावर ५८१ दिसलं. न्यूयॉर्कच्या मेट्स संघाचे दोन नवे खेळाडू शेजारी शेजारी: एक सीव्हर, दुसरा बिल डेनेही. (डेनेहीकडे कोणी बघत नाही, पण त्याच वर्षाच्या अखेरीला मेट्सनं त्याला आणि वर रोख रक्कम देऊन वॉशिंग्टनकडून गिल हॉजेस हा व्यवस्थापक घेतला, आणि त्याच हॉजेसनं १९६९ मध्ये मेट्सना अजिंक्यपद मिळवून दिलं. माझ्या मते त्या कार्डावरचा अर्धा इतिहास डेनेहीचा आहे.) कोपरे सुईसारखे. कडा पांढऱ्याशुभ्र. विक्रेता साडेआठशे डॉलर म्हणाला, रोख. मी घासाघीससुद्धा केली नाही. उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग.

घरी आलो. जेवण न करता वही काढली. कार्ड कप्प्यात सरकवलं आणि ते जरा जास्तच सहज गेलं. आत थोडं हललंसुद्धा. तिथेच पोटात गोळा आला. मग त्याच संचातली पन्नास कॉमन काढली, टेबलावर ठोकून गठ्ठा नीट सारखा केला, सीव्हर मधे घातला आणि वरच्या कडेवरून अंगठा फिरवला. पन्नास कार्डांची कड अंगठ्याला लागत होती आणि मधे एक बारीक खाच. नखाची कड जेमतेम बसेल एवढी. कोणीतरी झिजलेले कोपरे घालवायला एक पूर्ण बाजू धारदार पात्यानं उतरवली होती. कोपरे सुईसारखे असणारच, ते ताजे कापलेले होते.

तरी आशा सुटत नाही म्हणून ग्रेडिंगला, म्हणजे कार्ड तपासून दर्जा ठरवणाऱ्या कंपनीकडे, पाठवलं. परत आलं ते कापल्याचा शेरा घेऊनच. विक्रेता पुन्हा कुठल्या प्रदर्शनात दिसला नाही. कार्ड अजून माझ्या खणात आहे. कोणी नवखा घरी आला की मी तोच गठ्ठा पुढे करतो आणि त्याला अंगठा फिरवायला लावतो.

टॉप्सची १९५७ पासूनची कार्डं अडीच बाय साडेतीन इंचांची. त्याआधीची, १९५२ ते ५६ ची, मोठी: दोन पूर्णांक पाच अष्टमांश बाय तीन पूर्णांक तीन चतुर्थांश. कारखान्यात कापतानाही थोडंफार कमीजास्त व्हायचं, म्हणून नुसत्या पट्टीवर भरवसा ठेवू नका. त्याच वर्षाची चार-पाच कॉमन कार्डं खिशात ठेवा आणि शेजारी धरून बघा. शिवाय चारही कडा तिरक्या उजेडात बघा. जुनी कड थोडी मऊ, थोडी पिवळसर असते. तीन कडा म्हाताऱ्या आणि एक तरुण दिसली की कार्ड परत ठेवा. विक्रेता "मागे गिऱ्हाईक उभंय" म्हणाला तर खुशाल त्या गिऱ्हाइकाला जागा द्या.

भिंग नेता का? न्या. दहापट मोठं दाखवणारं साधं भिंग पुरतं. मूळ कार्डावरची काळी अक्षरं भरीव, सलग शाईची असतात. स्कॅन करून छापलेल्या नकलेत तीच अक्षरं ठिपक्यांची बनलेली दिसतात. एवढी एक गोष्ट शिकलात तरी निम्म्या बनावट कार्डांतून सुटाल. "स्लॅब केलेलंच घेतो, मला बघायची काय गरज" म्हणणाऱ्यांचं मला नवल वाटतं. ग्रेडिंग कंपनी कार्ड ज्या प्लास्टिकच्या पेटीत बंद करून देते ती, म्हणजे स्लॅबसुद्धा, बनावट निघते. तिच्यावरचा नंबर कंपनीच्या साइटवर टाकून बघायला एक मिनिट लागतं, तेवढंही कोणी करत नाही.

छोट्या चुका, एकेका ओळीत

रिप्रिंटला मूळ समजू नका: टॉप्सनं १९८३ मध्ये १९५२ च्या संचाची अधिकृत पुनर्छपाई केली, पण ती अडीच बाय साडेतीनच्या मापात, म्हणजे शेजारी मूळ कार्ड धरलं की काम संपलं.

महाग म्हणजे दुर्मीळ नव्हे: १९५२ च्या शेवटच्या मालिकेतला महागडा मिकी मँटल, ३११ नंबर, दुप्पट छापला गेला होता, त्याच मालिकेतले किती तरी अनोळखी खेळाडू त्याच्यापेक्षा कमी आहेत.

पहिल्या आणि शेवटच्या नंबराला घाई नको: पोरं गठ्ठ्याला रबर लावायची, त्यामुळे वरचं आणि खालचं कार्ड सगळ्यात आधी खराब व्हायचं, आणि १९६७ चा ६०९, टॉमी जॉन, चांगल्या स्थितीत मिळायला मला चार वर्षं लागली.

काळ्या कडांच्या १९७१ च्या कार्डांवर कधीकधी मार्करनं रंग भरलेला असतो, कडा नीट बघा.

स्क्रूच्या जुन्या पेटीत कार्ड आवळून ठेवू नका, चपटं होतं.

पोस्टानं पाठवताना टॉप लोडरला, म्हणजे कार्ड ठेवायच्या कडक प्लास्टिकच्या पाकिटाला, चिकटपट्टी लावायचीच असेल तर रंगकाम करणारे वापरतात ती निळी लावा. पारदर्शक चिकटपट्टी लावणाऱ्याचं पार्सल उघडताना मी काय काय बोलतो ते इथे लिहिता येत नाही.

नसलेलं कार्ड शोधणं

हसू नका. एक गृहस्थ १९६१ च्या संचासाठी ५८७ आणि ५८८ दीड वर्ष शोधत होते. ती दोन कार्डं टॉप्सनं काढलीच नाहीत. ४२६ सुद्धा नाही, कारण ब्रेव्ह्स संघाच्या कार्डावर त्याऐवजी ४६३ छापलं गेलं आणि ४६३ दोन झाली. म्हणून शेवटचा नंबर ५८९ आणि संच ५८७ चा. १९५३ मध्ये नंबर २८० पर्यंत जातात, कार्डं २७४. १९५५ मध्ये २१० पर्यंत, कार्डं २०६. वहीत रिकामा कप्पा दिसला की माणूस नंबरामागे धावतो, संचाची यादी बघत नाही.

या प्रकाराचा आजोबा म्हणजे १९३३ चा गौडी. बॉस्टनच्या या च्युइंगगमवाल्या कंपनीनं २४० नंबरांचा संच काढला आणि १०६ नंबर छापलाच नाही. पोरं बिचारी १०६ साठी गम घेत राहिली. तक्रारीची पत्रं लिहिणाऱ्यांना कंपनीनं १९३४ मध्ये ते कार्ड पोस्टानं पाठवलं. त्यावर नॅप लाजोई, जो १९१६ मध्येच खेळणं सोडून बसला होता. पत्राला लावून पाठवलेल्या त्या कार्डांपैकी बऱ्याच कार्डांवर पेपर क्लिपचा वळ आहे. इथे मात्र तो वळ दिसला तर तोंड वाकडं करू नका.

"हे माझं शेवटचं" असं सांगणं

टेबलापाशी जाऊन डोळ्यांत पाणी आणून "संचाला एवढंच एक हवंय" म्हणालात की भाव तिथल्या तिथे चढतो. विक्रेता वाईट असतो असं नाही, त्याचंही पोट आहे. मी चार नंबरांची चिठ्ठी करून देतो. हवं असलेलं कार्ड त्यात तिसरं. आधी पहिल्या दोनांवर नाक मुरडतो, तिसऱ्यावर "बरं आहे, बघू" म्हणतो. बायको याला नाटक म्हणते. ती स्वतः भाजीवाल्याशी काय करते ते मी तिला विचारलेलं नाही.

सीव्हर शेवटी असाच मिळाला, त्या फजितीनंतर तीन वर्षांनी. कोपरे गोल, मधे फिकट सुरकुती, पण चारही कडा सारख्याच म्हाताऱ्या. गठ्ठ्यात घालून अंगठा फिरवला, खाच नाही. वहीत ठेवला, बायकोला हाक मारली, फोटो काढला, शिरा झाला.

त्या रात्री झोप येईना म्हणून वही उलटी चाळायला घेतली, म्हणजे कार्डांची मागची बाजू. १९६७ चं मागचं छापकाम हिरवं आणि उभं आहे, बघायला बरं वाटतं. सुरुवातीच्या पानांवर एका कॉमनपाशी आलो आणि थांबलो. खाली बारीक अक्षरांत लिहिलं होतं, कॅनडात छापलेलं. ओ-पी-ची! कॅनडाच्या त्या कंपनीनं टॉप्सच्याच कार्डांवरून १९६ कार्डांचा संच काढला होता, पुढून हुबेहूब तसाच. कुठल्या तरी पन्नासाच्या गठ्ठ्यातून ते आलं होतं आणि इतकी वर्षं माझ्या टॉप्सच्या संचात ऐटीत बसलं होतं.

पुढच्या प्रदर्शनात डॉलरच्या खोक्यात हात घातला. त्या कॉमनचं खरं टॉप्सचं कार्ड तिसऱ्याच मिनिटाला सापडलं. पोराला फोन करून सांगितलं, "अरे, सीव्हर बघू नंतर. आधी तुझी सहाशे आठ उलटी करून बघ."

रात्री त्याचा मेसेज आला: "काका, सहाशे पाच."