बोडीतल्या देवधानाचं बी कसं घ्यावं

आमच्या भंडारा जिल्ह्यातल्या साकोलीकडं दिवाळीच्या सुमाराला तलावांच्या नि बोड्यांच्या, म्हणजे लहान तळ्यांच्या, काठाला देवधान, म्हणजे आपोआप उगवणारं रानटी भात, पिकतं. पाळीवरून सगळं सारखंच दिसतं. खाली उतरून लोंबी हातात घ्या: एकीचं कुसळ लालसर नि चार बोटं लांब, शेजारणीचं पांढरट, तूस काळपट, आत तांदूळ लाल.

आधी मासेमारी करणाऱ्या ढिवर बांधवांच्या संस्थेला नि ग्रामपंचायतीच्या जैवविविधता समितीला विचारा. मग घाई करा, कारण हे दाणे टोकापासून एकेक गळतात. दोनचार गळाले की लोंबीला मच्छरदाणीच्या कापडाची पिशवी बांधा. आपल्या बांधीतलं, म्हणजे भातखाचरातलं, धान असं गळत नाही, त्याला मोठं कारण एसएच४ या जनुकाच्या डीएनएतला एका अक्षराचा बदल.

भरलेल्या लोंब्या निवडू नका. ठरावीक पावलांवर पायाशी येईल ते रोप घ्या, असं ५९ रोपांचं बी जमवा. शंभरात पाचांतच असलेला गुण निदान एकदा हाती लागायची शक्यता तेवढ्यानं ९५ टक्के होते. दर रोपाचं पाकीट वेगळं. त्यावर पाण्याची खोली, कुसळाचा रंग नि जवळच्या बांधीचं अंतर लिहा. बांधीलगत कुसळ आखूड नि दाणा न गळणारा दिसला, तर शेतातलं धान त्यात मिसळलं असण्याचा संभव फार. बी एकत्र करायचा मोह टाळाच, दुर्मीळ गुण मोजक्याच रोपांत असू शकतो. ग्रासी स्टंट या भातावरच्या विषाणूजन्य रोगाला प्रतिकार शोधताना फिलिपिन्सच्या भात संशोधन संस्थेनं हजारो नमुने तपासले. तो सापडला उत्तर प्रदेशातल्या रानधानाच्या एका नमुन्यात, तोही मोजक्याच रोपांत. त्यांच्यापासूनचा आयआर-३६ हा वाण १९७६ मध्ये आला.

खरं काम घरी आहे. खोल पाण्यातलं रोप उंच, काठचं बुटकं. हा फरक वंशाचा की पाण्याचा, ते तलावात कळत नाही. बी सावलीत वाळवून उन्हाळाभर ठेवा, ताजं सहसा उगवत नाही. जूनमध्ये तूस सोलून सारख्या बादल्यांत, एकाच मातीत लावा. एका पाकिटातली तीन-चार रोपं तरी हवीत. बादल्यांच्या जागा चिठ्ठ्या टाकून ठरवा, नाहीतर उन्हातली बादली फसवते. पाणी सगळ्यांत सारखं. उंचीतला फरक तरीही टिकला, तर तो वंशाचा. मला हा प्रयोग सगळ्यात मोलाचा वाटतो. शाळेच्या अंगणातही जमतो.

उरलेलं बी ज्या बोडीचं त्याच बोडीत परत टाका, शेजारच्या गावच्या तलावात नको. तिथलं देवधान तिथल्या पाण्यावर घडलेलं असतं, नि एकदा मिसळलं की कोणता गुण कुठला ते वेगळं काढता येत नाही.