विलंबित आणि द्रुतामधला तानपुरा : घरच्या सर्व्हरवरून मोबाइलवर फ्लॅक

ग्वाल्हेरला लष्कर भागात आमच्या घरी बाबांच्या दोनशेवर सीड्या आहेत, बहुतेक ख्यालाच्या. सीडी प्लेअर बंद पडला तेव्हा मी सगळ्यांचे एमपीथ्री करून आईच्या मोबाइलवर भरले. दोन दिवस ऐकून आई म्हणाली, "अरे, विलंबित संपलं की तानपुरा मध्येच तुटतो." तिचा कान खरा होता. सीडीवर विलंबित (संथ) आणि द्रुत (जलद) ख्याल वेगळे ट्रॅक असले, तरी तानपुरा अखंड चालू असतो. एमपीथ्री करताना ट्रॅकच्या टोकांना थोडी शांतता चिकटते. फ्लॅक या ध्वनिफाइलीच्या प्रकारात ती येत नाही आणि सीडीवरचं काहीच गळत नाही. म्हणून सगळं फ्लॅकमध्ये पुन्हा केलं.

सीडी उतरवायला विंडोजवर एक्झॅक्ट ऑडिओ कॉपी हा प्रोग्रॅम घ्या. ओरखडे पडलेली जागा तो पुन्हापुन्हा वाचतो. तासाभराची सीडी फ्लॅकमध्ये साधारण 300 ते 400 एमबी होते, म्हणजे 1 टीबीची डिस्क भरपूर झाली.

सर्व्हर म्हणून माझ्याकडे रास्पबेरी पाय 4 हा छोटा संगणक आहे, त्यावर डॉकरमध्ये (प्रोग्रॅम वेगळ्या कप्प्यात चालवायची सोय) नॅव्हिड्रोम, म्हणजे गाणी फोनकडे पाठवणारा प्रोग्रॅम. गाण्यांचं फोल्डर 'रीड ओन्ली' जोडा, म्हणजे मूळ फायलींना धक्का लागणार नाही. मग ब्राउझरमध्ये पायचा आयपी पत्ता आणि पोर्ट 4533 टाकून खातं उघडा. आईचं खातं वेगळं ठेवा, तिच्या आवडीची यादी तिचीच राहते. पाय आणि राउटर दोन्ही इन्व्हर्टरवर घ्या. अचानक लाइट गेली की मेमरी कार्ड खराब होतं. माझं एक गेलं.

खरा वेळ टॅगांना, म्हणजे फाइलीतल्या गायक-शीर्षकाच्या नोंदींना द्या. कृष्णराव शंकर पंडितांचं नाव माझ्याकडे तीन तऱ्हांनी आलं होतं, त्यामुळे ते तीन वेगळे गायक दिसत. पिकार्ड या टॅग सुधारायच्या प्रोग्रॅममध्ये 'अल्बम आर्टिस्ट' सगळीकडे एकसारखा करा. शीर्षकात राग, लय आणि ताल लिहा: 'यमन, विलंबित एकताल'. आई गायकाच्या नावाने नाही, रागाने शोधते.

ऐकायला अँड्रॉइडवर सिम्फोनियम, आयफोनवर अँपरफाय हे अ‍ॅप चालेल. गॅपलेस (ट्रॅकांमध्ये खंड न पडता वाजणं) चालू आहे ना, ते विलंबित-द्रुताची जोडी लावूनच तपासा. वायफायवर मूळ फ्लॅक, मोबाइल डेटावर ओपस (कमी डेटा लागणारा प्रकार) 128 केबीपीएस ठेवा. फ्लॅकचं ओपस सर्व्हर वाजवतानाच करतो, डिस्कवरची फाइल तशीच राहते. आई फूलबागेत फिरायला जाते तेव्हा हेच वाजतं. घराबाहेरून जोडायला पाय आणि फोन दोन्हींवर टेलस्केल हे खासगी नेटवर्कने जोडणारं अ‍ॅप टाका, राउटरचं पोर्ट उघडायची गरज पडत नाही.

एक गोष्ट मला उशिरा कळली. साध्या ब्लूटूथ हेडफोनकडे जाताना आवाज पुन्हा दाबला जातो, मग फ्लॅक फ्लॅक राहत नाही. घरी निवांत ऐकायचं तर वायरच हवी. आईच्या फोनला मी टाइप-सीचा छोटा डॅक (डिजिटल आवाज हेडफोनसाठी बदलून देणारा जोड) लावलाय, त्यात बाबांचे जुने हेडफोन बसतात.