स्वमग्न किशोरांना आवाज सहन होत नाही तेव्हा: या चुका टाळा

'एवढा मोठा झालास, मिक्सरला काय घाबरतोस!' हे वाक्य मी माझ्या मुलाला ऐकवलेलं आहे, एकदा नाही, कितीतरी वेळा. त्याची सल आजही आहे. कारण तो घाबरत नव्हता, त्याला खरोखर दुखत होतं.

आवाज, स्पर्श, प्रकाश यांना नेहमीपेक्षा फार जास्त किंवा फार कमी प्रतिसाद देणं, हा २०१३ पासून डीएसएम-५ (मानसिक आजारांच्या निदानासाठी डॉक्टर वापरतात ती अमेरिकन नियमावली) मधल्या ऑटिझमच्या, म्हणजे स्वमग्नतेच्या, निकषांचाच भाग आहे. कानाची तपासणी केली तर ऐकणं बहुधा नॉर्मल निघतं. अडचण असते ती मेंदू त्या आवाजाचं काय करतो यात. पंख्याची घरघर आपला मेंदू थोड्या वेळात बाजूला सारतो. या मुलांच्या बाबतीत ती तासभरानंतरही तितकीच टोचत राहू शकते.

'सवय होईल' म्हणून गोंगाटात बसवणं

सगळ्यात जास्त नुकसान याने होतं. जबरदस्तीने ऐकवलेल्या आवाजाची सवय होत नाही, त्याची धास्ती बसते. मग आवाज नसतानाही मूल सावध राहतं आणि त्या जागी जायलाच नकार देतं. सराव करायचाच असेल तर आधी मुलाची तयारी हवी. त्रास देणारा आवाज रेकॉर्ड करा, अगदी बारीक आवाजात लावा, आणि बंद करायचं बटण त्याच्याच हातात द्या. दोन सेकंदांत बंद केलं तरी हरकत नाही. 'मी हे थांबवू शकतो' एवढा भरवसा आला की पुढचं पाऊल तो स्वतः टाकतो. हे ऑक्युपेशनल थेरपिस्ट (रोजच्या कामांसाठी उपचार देणारे तज्ज्ञ) किंवा ऑडिओलॉजिस्ट (ऐकण्याचे तज्ज्ञ) यांच्या सल्ल्याने केलेलं बरं.

दिवसभर कान झाकून ठेवणं

इथे दुसरं टोक गाठलं जातं. इअरमफने (हेडफोनसारखं, आवाज अडवणारं कानझाकण) आराम मिळाला की तो उतरवावासाच वाटत नाही. पण २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात, ऐकणं नॉर्मल असलेल्या माणसांनी दोन आठवडे सतत इअरप्लग घातले, तेव्हा त्यांना आवाज आधीपेक्षा मोठे वाटू लागले. आत येणारा आवाज घटला की ऐकण्याची यंत्रणा आपली पट्टी वर चढवते. म्हणून गोंगाटात जरूर घाला, शांत खोलीत उतरवा. मात्र हिसकावून घेऊ नका. आधी खोली खरंच शांत आहे ना ते पाहा, कारण ट्यूबलाइटची गुणगुण आपल्या लक्षातही येत नाही.

साधन निवडतानाही गफलत होते. नॉइज कॅन्सलिंग हेडफोन इंजिन, पंखा अशा एकसुरी घरघरीवर उत्तम चालतात. अचानक आदळणारं दार, किंचाळी, शाळेची घंटा यांच्यासाठी साधा, कान पूर्ण झाकणारा इअरमफ बरेचदा जास्त कामाचा. आवाज दडपायला मोठ्याने संगीत लावत असेल तर तिकडेही लक्ष हवं: जागतिक आरोग्य संघटनेने मुलांसाठी सुचवलेली मर्यादा ७५ डेसिबल (आवाज मोजायचं एकक) पातळीला आठवड्याला ४० तास अशी आहे.

फक्त मोठे आवाज शोधणं

माझ्या मुलाला वर्गातल्या आरडाओरड्यापेक्षा शेजारच्याच्या पेनची टिकटिक असह्य होते. हळू पण टोकदार, किंवा केव्हा येईल याचा नेम नसलेला आवाज जास्त छळू शकतो. दोन आठवडे नोंद ठेवा: कोणता आवाज, कुठे, किती वाजता, आदल्या रात्रीची झोप कशी होती, त्याने काही खाल्लेलं होतं का. सोमवारी चाललेला आवाज गुरुवारी का चालत नाही, ते बहुतेकदा या वहीत सापडतं. मिक्सर लावण्याआधी 'लावतेय' एवढं सांगणं आमच्याकडे कुठल्याही उपकरणापेक्षा उपयोगी पडलं.

'शाळेत तर शांत असतो'

शाळेत दिवसभर दात-ओठ आवळून सहन केलेलं घरी बाहेर पडतं. त्याला नाटक म्हणू नका. घरी आल्यावरचा पहिला अर्धा तास प्रश्न नकोत, अभ्यास नको. मेल्टडाउन (ताण असह्य होऊन स्वतःवरचा ताबा सुटणं) सुरू झालाच तर समजावणंही थांबवा, कारण त्या क्षणी आपला प्रेमळ आवाज हाही आणखी एक आवाजच असतो. दिवा मंद करा, गर्दी हटवा, जवळ गप्प बसा.

त्याला न विचारता ठरवणं

किशोरवयात वेगळं दिसण्याची लाज फार असते. मोठा रंगीत इअरमफ बॅगेतच राहतो. केसांखाली झाकले जाणारे छोटे प्लग तोच मुलगा आनंदाने घालतो. वर्गातून बाहेर पडण्याची खूण, बसायची जागा, मित्रांना काय सांगायचं, हे सगळं त्याच्याशी बोलून ठरवा. बोलत नसेल तर कार्ड किंवा फोनवरून निवडू द्या.

अचानक वाढलेला त्रास 'ऑटिझमच' समजणं

चार दिवसांत एकदम फरक पडला, एकाच कानावर हात जातोय, कान वाजतोय किंवा डोकं दुखतंय, तर आधी कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना दाखवा. कानातला संसर्ग किंवा मायग्रेनही असू शकतो, आणि दुखणं शब्दांत सांगता न येणाऱ्या मुलाचं ते सहज निसटून जातं.